डॉ. आयडा स्कडर : वारसा आणि निवड

मद्रास शहरात (आजच्या चेन्नईत) कूवम नदीच्या काठी चिंताद्रिपेठ ही अठराव्या शतकात विणकरांसाठी वसविलेली पेठ आहे. 1836 साली जॉन स्कडर आणि मायरन विन्स्लो या दोन अमेरिकन मिशनऱ्यांनी सिलोनहून येऊन या पेठेत आपले ठाणे मांडले. विन्स्लो हे तमिळ कोशकार म्हणून भारतीय भाषांच्या अभ्यासकांस परिचित आहेत. त्यांचा बृहत् तमिळ-इंग्रजी कोश 1862 मध्ये मद्रासमधील अमेरिकन मिशनच्या मुद्रणालयात छापला गेला. स्कडर यांचे नाव ग्रंथापेक्षा वंशाने अधिक टिकले. न्यूयॉर्कमधील वैद्यकीय व्यवसाय सोडून 1819 मध्ये ते पूर्वेकडे निघाले, आणि त्यांच्या सात मुलांनी पुढे दक्षिण भारतातील मिशनचे कार्य पत्करले. मद्रासहून पश्चिमेकडे जाणाऱ्या रस्त्यावरील अर्काट, वालाजापेठ, राणीपेट, वेल्लोर या गावांतून हे घराणे पसरले. 1853 मध्ये त्यांतील तिघा भावांनी अर्काट मिशन स्थापन केले, आणि कालांतराने अर्काट मिशन म्हणजे स्कडरांचे घर असेच समीकरण होऊन बसले.

अशा घराण्यात जन्मास येणाऱ्या मुलामुलींपुढे व्यवसायाची निवड हा प्रश्न वरकरणी नसतोच. आजोबांनी जे केले, वडिलांनी आणि काकांनी जे केले, तेच आपणही करावयाचे, असे गृहीत धरले जाते; आणि घरच्यांपेक्षाही बाहेरचे लोक ते अधिक निश्चयाने गृहीत धरतात. या घराण्यातील एका मुलीने मात्र ही वाट पुष्कळ वर्षे निग्रहाने नाकारली. पुढे तिने ती स्वीकारली तेव्हा वाडवडिलांनी आखून दिलेल्या स्वरूपात स्वीकारली नाही. वीणा गवाणकर यांच्या चरित्रग्रंथामुळे डॉ. आयडा स्कडर हे नाव मराठी वाचकांस अपरिचित राहिलेले नाही. तरीही त्यांच्या आयुष्यातील एका रात्रीच्या प्रसंगाला जी प्रसिद्धी लाभली, तिच्या प्रकाशात त्या रात्रीच्या आधीची वीस वर्षे बरीचशी झाकोळून गेली आहेत.

आयडा सोफिया स्कडर हिचा जन्म 9 डिसेंबर 1870 रोजी राणीपेट येथे झाला. वडील जॉन स्कडर (धाकटे) हे डॉक्टर व धर्मोपदेशक होते. आई सोफिया वेल्ड हिच्या प्रकृतीविषयी मिशनच्या चालकांना इतकी शंका होती की, भारतात पाठविण्याची जबाबदारी घेण्यास ते तयार नव्हते. प्रत्यक्षात या बाईंनी ऐंशी वर्षांपलीकडे आयुष्य काढले आणि 1925 मध्ये देह ठेवला. पाच मुलांच्या पाठीवर झालेली आयडा ही त्यांची एकुलती एक मुलगी होय.

तिच्या बालपणाची पहिली ठळक खूण म्हणजे 1876 ते 1878 चा दुष्काळ. या दुष्काळाने दख्खन आणि मद्रास इलाखा दोन्ही होरपळून निघाले. संपूर्ण दक्षिणेत मृतांची संख्या पन्नास लाखांच्या वर गेली असे मानतात. सहासात वर्षांची आयडा तेव्हा वडिलांच्या अन्नछत्रात उपाशी मुलांना पावाचे तुकडे भरवीत असे. ज्यांना हाताने घास उचलण्याचेही त्राण नव्हते, अशी ती मुले होती. भारत म्हटला की पुढे पुष्कळ वर्षे तिच्या डोळ्यांपुढे हेच चित्र उभे राही. 1878 मध्ये वडिलांची प्रकृती ढासळल्याने कुटुंब अमेरिकेस परतले आणि नेब्रास्का राज्यातील एका शेतावर राहू लागले. मोकळी हवा, भरपूर अन्न, घोडे आणि भाऊ यांच्या संगतीत गेलेला तो काळ तिच्या मते आयुष्यातील सुखाचा काळ होता.

तो टिकला नाही. काही वर्षांनी वडील भारतात परतले, आणि पुढे आईही त्यांच्या पाठोपाठ गेली. शाळकरी वयाच्या आयडाला शिकागो येथे काका हेन्री मार्टिन स्कडर यांच्या घरी ठेवण्यात आले. आई निघाली त्या रात्री ती आईच्या रिकाम्या बिछान्यात जाऊन रडत राहिली, असे तिचे चरित्रकार सांगतात. एकोणिसाव्या शतकातील मिशनरी कुटुंबांत असे वियोग नित्याचे होते. हवामानाची भीती, शाळांचा अभाव आणि आपली मुले परक्या संस्कारांत वाढतील ही धास्ती, या तिन्ही कारणांनी मुलांना सात समुद्रांपलीकडे नातलगांकडे किंवा वसतिगृहात ठेवण्याचा प्रघात पडला होता. आईबाप या वियोगाला त्याग म्हणत. तो त्याग प्रत्यक्षात कोणी केला, हा प्रश्न मिशनच्या वार्षिक वृत्तान्तांत क्वचितच विचारलेला आढळतो. मुलांचे मत त्या वृत्तान्तांत नोंदविण्याची सोयच नव्हती.

ज्या काकांच्या घरी आयडा राहिली, ते स्वतः याच अनुभवातून गेलेले होते. हेन्री मार्टिन यांचा जन्म 1822 मध्ये जाफना भागात झाला. बालपणीच त्यांची रवानगी अमेरिकेस झाली, तेथे तरुणपणी ते बरेच उच्छृंखल वागले, आणि अखेर 1844 मध्ये मद्रासला परतले. परदेशी मिशनऱ्याचा मुलगा स्वतः मिशनरी म्हणून पाठविला जाण्याचे अमेरिकन बोर्डाच्या इतिहासातील हे पहिले उदाहरण मानले जाते. त्यांनी तमिळमध्ये ग्रंथरचना केली, संस्कृतचा अभ्यास केला, अर्काट मिशनची स्थापना केली. आणि मग भारत सोडून अमेरिकेत धर्मगुरू झाले. 1887 मध्ये पासष्टीला पोचलेला हा गृहस्थ पुन्हा मिशनरी म्हणून जपानला निघाला, तेव्हा आयडाचे दुसरे घरही मोडले. वारसा म्हणून आलेली वृत्ती माणसाला सोडते आणि पुन्हा धरते, याचे उदाहरण तिने जवळून पाहिले होते. त्यातून तिने त्या वेळी घेतलेला बोध एवढाच, की आपण या फेऱ्यात सापडावयाचे नाही.

मॅसॅच्युसेट्समधील नॉर्थफील्ड येथे प्रसिद्ध प्रवचनकार ड्वाइट मूडी यांनी मुलींसाठी काढलेल्या शाळेत ती दाखल झाली. शाळेचे वातावरण धार्मिक होते आणि स्कडर हे आडनाव तेथे सर्वांना ठाऊक होते. ही मुलगी भारतात जाणारच, असे जो तो धरून चाले. आयडा मात्र खोडकर, नटण्याची हौस असलेली, मैत्रिणींत रमणारी मुलगी होती, आणि आपण मिशनरी होणार नाही हे ती उघडपणे सांगे. अमेरिकेत राहावे, सुखवस्तू घरात लग्न करावे, मुलांना आपल्याजवळ वाढवावे, इतकेच तिच्या मनात होते. या इच्छेला चरित्रकार सहसा तारुण्यसुलभ चंचलता समजतात. परंतु जिची आई धर्मकार्याने दूर नेली, तिने आपल्या भावी मुलांसाठी वेगळे आयुष्य चिंतावे, यात चंचलता कोठे आली हे समजत नाही. त्या नकारात विचार होता आणि अनुभवही होता.

1890 मध्ये आईच्या आजारपणाची तार आली म्हणून ती भारतात आली. मुक्काम थोड्या काळाचाच असावयाचा होता. वडील तेव्हा मद्रासच्या दक्षिणेस तिंडिवनम येथे होते. आईची शुश्रूषा करणे, घर सांभाळणे, मुलींच्या लहानशा शाळेत शिकविणे, असा दिनक्रम सुरू झाला. परतीची ओढ कमी झाली नव्हती.

याच काळात ती प्रसिद्ध रात्र आली. बंगल्याच्या दारी एक ब्राह्मण तरुण आला. त्याची कोवळ्या वयाची पत्नी प्रसूत होताना अडली होती. वडील डॉक्टर आहेत, ते येतील, असे आयडाने सांगितले. परंतु परपुरुषाने पत्नीला पाहणे त्याला मान्य नव्हते. त्याला आयडाच हवी होती, आणि आयडाला वैद्यकाचे काहीच ज्ञान नव्हते. तो निघून गेल्यावर एक मुसलमान गृहस्थ तीच विनंती घेऊन आला, आणि त्यानंतर आणखी एक हिंदू गृहस्थ. तिघांनाही तेच उत्तर मिळाले आणि तिघेही तसेच परतले. सकाळी चौकशी केली तेव्हा त्या तिन्ही स्त्रिया दगावल्याचे समजले. दिवसभर आयडा खोलीत स्वतःला कोंडून बसली. नंतर तिने आईवडिलांना सांगितले, की आपण अमेरिकेस जाऊन डॉक्टर होणार आणि परत येणार.

या प्रसंगाला कथेचा घाट सहज लाभतो. तीन आगंतुक, तीन वेळा तीच विनंती, तीन वेळा तेच उत्तर आणि पहाटेचा मृत्युघोष, ही रचना लोककथांच्या अभ्यासकाला लगेच ओळखू येईल. मेरी पॉलिन जेफरी यांचे 1938 चे चरित्र आणि डोरोथी क्लार्क विल्सन यांचे 1959 चे अधिक वाचले गेलेले चरित्र, दोन्ही या रात्रीवर उभी आहेत, आणि व्यासपीठांवरून तर ती असंख्य वेळा सांगितली गेली. प्रसंगाच्या सत्यतेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. अशा रात्री त्या काळी गावोगाव येत होत्या. मात्र दैवी हाक आली आणि बंडखोर मुलगी शरण गेली, असा जो अर्थ त्यातून काढला जातो तो अपुरा आहे. त्या रात्री आयडाला जे दिसले, ते घराण्याच्या कार्यातील एक मोठे छिद्र होते. पन्नासहून अधिक वर्षे स्कडर मंडळी या प्रदेशात वैद्यक करीत होती. तिचे वडील निष्णात डॉक्टर होते. आणि तरीही शेजारच्या गल्लीतील बाईला त्यांचा काडीचा उपयोग नव्हता, कारण ते पुरुष होते. वंशपरंपरेने चालत आलेले काम तिने नाकारले होते. पण हे काम परंपरेत नव्हतेच. ते वडिलांना, काकांना, आजोबांना कोणालाच करता येण्याजोगे नव्हते. पुढे वारसा म्हणून गौरविली गेलेली ही निवड मुळात वारशाची उणीव ओळखून केलेली होती.

मद्रास शहरात स्त्रियांच्या वैद्यकीय शिक्षणाचा दरवाजा त्याआधीच उघडला होता, हेही येथे ध्यानात घेतले पाहिजे. 1875 मध्ये मेरी शार्लीब यांच्यासह चार स्त्रियांना मद्रास मेडिकल कॉलेजात प्रवेश मिळाला होता, आणि 1885 मध्ये शहरात गोषातील स्त्रियांसाठी स्वतंत्र रुग्णालय निघाले होते. लोहमार्गही होता: दक्षिणेतील पहिली आगगाडी 1856 मध्ये मद्रासच्या रायपुरमहून वालाजा रोडपर्यंत धावली होती, म्हणजे आयडाच्या जन्मगावाच्या अगदी जवळ. गाडी पोचली होती, डॉक्टरीण पोचली नव्हती.

1895 मध्ये तिने फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजात नाव घातले. हेच ते महाविद्यालय, जेथून 1886 मध्ये आनंदीबाई जोशी आणि 1892 मध्ये गुरुबाई करमरकर पदवी घेऊन बाहेर पडल्या. कल्याण-पुण्याकडची एक मुलगी ज्या कारणासाठी समुद्र ओलांडून तेथे गेली, त्याच कारणासाठी राणीपेटमध्ये जन्मलेली अमेरिकन मुलगी बारा वर्षांनी तेथे आली, हा योगायोग मराठी वाचकाच्या मनात रेंगाळल्यावाचून राहत नाही. आनंदीबाईंना परतल्यावर काम करण्यास आयुष्यच उरले नाही. आयडाला साठ वर्षे मिळाली. न्यूयॉर्कमध्ये कॉर्नेल विद्यापीठाचे नवे वैद्यकीय महाविद्यालय स्त्रियांना प्रवेश देऊ लागताच ती तेथे गेली आणि 1899 मध्ये पदवीधर झाली.

निघण्यापूर्वी वेल्लोर येथे स्त्रियांसाठी रुग्णालय बांधण्यास पैसे जमवावयाचे होते. दारोदार फिरूनही फारसे हाती लागले नव्हते. एका घरी ती आपले म्हणणे मांडत असता शेजारच्या खोलीतून ते ऐकणाऱ्या शेल नावाच्या वृद्ध बँकरने दिवंगत पत्नीच्या स्मरणार्थ 10,000 डॉलर दिले. या देणगीसह आणि ॲनी हॅनकॉक या मैत्रिणीसह 1900 च्या प्रारंभी डॉ. आयडा वेल्लोरला पोचल्या. काही वर्षे वडिलांच्या हाताखाली अनुभव घ्यावा, असा त्यांचा बेत होता. परंतु मे महिन्यातच वडील वारले. एकोणतीस वर्षांची, अनुभव नसलेली डॉक्टरीण आणि बंगल्यातील एक लहानशी खोली, एवढ्यावर दवाखाना सुरू झाला. ज्यांच्यासाठी त्या आल्या होत्या, त्या स्त्रिया प्रथम येईनात.

मग हळूहळू येऊ लागल्या. 1902 मध्ये मेरी टेबर शेल यांच्या नावाचे 40 खाटांचे रुग्णालय उघडले. शिवकालीन दक्षिण मोहिमेमुळे मराठी माणसाच्या ओळखीचा असलेला वेल्लोरचा किल्ला तेथून जवळच आहे. आठवड्यातील ठरलेल्या दिवशी डॉ. आयडा गुडियात्तमच्या रस्त्याने निघत आणि झाडाखाली थांबून रोग्यांना तपासत. प्रथम बैलगाडीने, आणि पुढे एका लहानशा प्यूजो मोटारीने त्या जात. ती मोटार पाहून खेड्यातील लोक भुताच्या भयाने पळत, असे सांगतात. 1909 मध्ये परिचारिकांची शाळा निघाली. तोपर्यंत त्यांच्या ध्यानात आले होते की, एकट्या डॉक्टरणीने कितीही धावपळ केली तरी त्या तीन स्त्रियांसारख्या असंख्य स्त्रियांपर्यंत ती पोचणार नाही, आणि परदेशांतून डॉक्टरणी आणून हा प्रश्न सुटणार नाही. येथील मुलींनाच डॉक्टर केले पाहिजे.

या विचाराची कसोटी मद्रासमध्ये लागली. इलाख्याचे सर्जन-जनरल कर्नल ब्रायसन यांच्यापुढे त्यांनी मुलींच्या वैद्यकीय शाळेची योजना मांडली. तीन मुलींचे अर्ज आले तरी नशीब समजा, असा त्यांचा अभिप्राय पडला. तरी त्यांनी परवानगी दिली. अर्ज शंभराहून अधिक आले. 12 ऑगस्ट 1918 रोजी गव्हर्नर लॉर्ड पेंटलंड यांच्या हस्ते शाळेचे उद्घाटन झाले. इमारत भाड्याची, शिकविणाऱ्या मुख्यतः डॉ. आयडा, विद्यार्थिनी सतरा. त्यांतील चौदा जणींचा पहिला वर्ग 1922 मध्ये शिक्षण पूर्ण करून बाहेर पडला. मद्रास इलाख्याच्या परीक्षेत जेथे मुलगेच मोठ्या संख्येने नापास होत, तेथे या चौदाही जणी पहिल्याच परीक्षेत उत्तीर्ण झाल्या, आणि कर्नलसाहेबांना आपले भाकीत मागे घ्यावे लागले.

या मुलींच्या निवडीकडे डॉ. आयडांच्या निवडीच्या बरोबरीने पाहिले पाहिजे. आयडाला घराण्याची अपेक्षा नाकारता आली आणि मग स्वीकारताही आली. दोन्ही वेळी तिच्यापुढे दोन वाटा होत्या. वेल्लोरला आलेल्या कित्येक मुलींपुढे शिक्षण आणि विवाह यांपैकी एकच वाट होती, आणि पहिली निवडल्यास परतण्याची सोय नव्हती. डॉ. आयडांच्या चरित्रांत या विद्यार्थिनी बहुधा समूहाने येतात. त्यांची स्वतंत्र चरित्रे लिहिली जाणे हे काम अद्याप पुष्कळसे शिल्लक आहे.

आयडा स्कडर यांना आणखी एकदा निवड करावी लागली, आणि ती कदाचित पहिलीपेक्षाही अवघड होती. 1938 च्या सुमारास मद्रास सरकारने वैद्यकीय शाळांचे पदविका-अभ्यासक्रम बंद करून विद्यापीठाशी संलग्न पदवी-शिक्षणाचा आग्रह धरला. एवढा खर्च केवळ स्त्रियांची संस्था म्हणून उभा राहणे दुरापास्त होते. पुरुष विद्यार्थ्यांना प्रवेश देऊन संस्था सर्व मिशनांची सामायिक करावी, हा मार्ग समोर आला. परंतु ज्यांनी अमेरिकेत फिरून संस्थेसाठी मोठा निधी उभारला होता, त्या लूसी पीबडी यांना हा स्त्रियांशी केलेला विश्वासघात वाटला. दोघींचे सख्य अनेक वर्षांचे होते. सत्तरीला टेकलेल्या डॉ. आयडांनी मैत्री आणि संस्था यांतून संस्था निवडली. युद्धकाळात त्या पैशासाठी पुन्हा अमेरिकेत हिंडल्या. 1942 मध्ये मद्रास विद्यापीठाशी संलग्नता मिळाली; 1947 मध्ये पहिले पुरुष विद्यार्थी आले. तीन बायका पुरुष डॉक्टरामुळे नव्हे, तर स्त्री डॉक्टर नसल्यामुळे मेल्या होत्या, हे लक्षात घेतले म्हणजे या निर्णयात विसंगती दिसत नाही; पण लूसी पीबडी यांचे दुःखही खोटे ठरत नाही.

1946 मध्ये त्या निवृत्त झाल्या. पुढे संस्थेची सूत्रे मद्रास मेडिकल कॉलेजात शिकलेल्या डॉ. हिल्डा लाझरस यांच्याकडे आली. या सुमारास वेल्लोरमध्ये मिशनऱ्यांची आणखीही काही मुले येऊन पोचली होती. 1942 नंतर प्राचार्यपद सांभाळणारे कुष्ठरोगतज्ज्ञ रॉबर्ट कॉक्रेन हे चीनमधील मिशनरी डॉक्टरांचे पुत्र. त्यांनी बोलावून घेतलेले पॉल ब्रँड यांचा जन्म 1914 मध्ये तमिळ प्रदेशातील कोल्ली डोंगरांत झाला होता. नवव्या वर्षी लंडनला नातलगांकडे रवानगी झाली, आणि काही वर्षांनी वडील काळ्या पाण्याच्या तापाने भारतातच वारले. वैद्यकाची मुळीच इच्छा नसल्याने त्यांनी काही वर्षे बांधकामाचा धंदा शिकण्यात घालविली, मग ते शल्यचिकित्सक झाले, आणि मद्रासजवळच्या चिंगलपेट येथील कुष्ठधामात वाकड्या बोटांचे हात पाहून त्यांना आपले काम सापडले. सुतारकाम आणि गवंडीकाम शिकलेले हात पुढे त्या बोटांच्या शस्त्रक्रियांत कामी आले. घराण्यातलीच आयडा स्कडर नावाची एक भाची क्ष-किरणतज्ज्ञ होऊन वेल्लोरला आली. आत्या आणि भाची यांच्या नावांतील घोटाळा अद्यापही काही लेखांत आढळतो.

डॉ. आयडांनी विवाह केला नाही. आई अखेरपर्यंत त्यांच्याजवळ वेल्लोरला राहिली. बालपणी तुटलेला सहवास पंचवीस वर्षे त्यांना पुन्हा मिळाला. उन्हाळ्यात त्या कोडाईकनालला जात आणि निवृत्तीनंतर बहुतेक काळ तेथील आपल्या टेकडीवरच्या घरात राहत. तेथेच मे 1960 मध्ये, नव्वदाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. याच कोडाईकनालला 1901 पासून मिशनऱ्यांच्या मुलांची शाळा भरत होती. मुलांना आईबापांपासून तोडून समुद्रापार पाठवावे लागू नये, यासाठी ती काढण्यात आली होती.